आजोबांचे इंग्रजी

स्वप्नात मी इंग्रजी फार सुंदर बोलत असे. जागेपणी मास्तरांनी उभे केले की दोन वाक्ये जोडता जोडता घाम फुटायचा. झोपेत मात्र मी भर सभेत तासभर बोलायचो, साहेब लोक माना डोलवायचे आणि मडमा हातातले पंखे हलवायचे विसरायच्या. अशाच एका भाषणानंतर पहाटे जाग आली तेव्हा शेवटचे वाक्य अजून जिभेवर होते. त्याच वाक्यावर सभा उठून उभी राहिली होती. मी खिडकीशी उजेडात बसलो आणि काकांच्या कचेरीतल्या एका पाठकोऱ्या कागदावर ते उतरवून घेतले. मग वाचून पाहिले. त्याचा अर्थ असा होता, की कलेक्टरसाहेबांची छत्री माझ्या मागल्या जन्माने खाल्ली आहे.

त्या दिवसापासून मी स्वप्ने लिहून ठेवू लागलो. सगळी नव्हेत. साप, विहिरी, पडलेले दात हे जगाला पडतात, ते जगाने लिहावे. मी भाषेची आणि अभ्यासाची तेवढी लिहीत असे. नियम एकच होता: तोंड धुण्याआधी लिहायचे आणि नंतर एक अक्षर बदलायचे नाही. हेतू काही थोर नव्हता. एवढ्या थाटात बोललेले वाक्य कागदावर आले की छत्री निघते, हे मला विलक्षण वाटले होते. ते किती वेळा होते ते पाहायचे होते. पुढे ठाण्यात पुष्कळ व्याख्याने ऐकली. टाळ्या पडलेली वाक्ये तिथल्या तिथे उतरवून वक्त्याच्या हातात द्यायची रीत असती तर बऱ्याच सभा लवकर आटोपल्या असत्या.

आम्ही कल्याणला राहत असू. आईवडील पटकीच्या एकाच साथीत गेले; तेव्हापासून मी काका-काकूंजवळ होतो. त्यांना मूलबाळ नव्हते. काका मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. मला आठवतात ते पेन्शन घेतल्यानंतरचे, ओटीवर लोडाला टेकलेले. पगडीवाचून ते रागावत नसत. राग आला की आधी म्हणत, “पगडी.” काकू ती आणायला आत जाई आणि इतक्या सावकाश बाहेर येई की तोवर निम्मा राग उतरलेला असे. हे तिचे शास्त्र होते. ते तिला कुणी शिकवले नव्हते, आणि त्याची परीक्षाही नव्हती.

परीक्षा मला होती, मॅट्रिकची. सकाळच्या गाडीने मी ठाण्याच्या इंग्रजी शाळेत जाई आणि दिवेलागणीला परत येई. पाठांतर गाडीतच चाले. डोंबिवली म्हणजे तेव्हा नुसती भातशेते. पुढे कळव्याची मिठागरे लागली की शाळा जवळ आली असे समजून मी पुस्तक मिटत असे. परीक्षा दिवाळीनंतर मुंबईला होणार होती, आणि भाद्रपदाच्या वद्य पक्षात हा सगळा घोटाळा झाला.

आमच्या घरी पितृपक्षाची एक खास चाल होती. पक्षभर रोज सकाळी काका ओटीवर येऊन विचारत, “आज कोण आलं होतं?” ज्याच्या स्वप्नात घरातले कुणी गेलेले माणूस आले असेल त्याने सांगायचे; त्याने जे मागितले असेल ते त्या दिवशी करायचे आणि पहिला घास कावळ्याला ठेवायचा. बहुतेक वेळा येणारे काकांकडेच येत. काकांची आत्या भोपळ्याचे घारगे मागे. त्यांचे एक चुलते अळूवड्या मागत. एका वर्षी तर कोणी दूरचे आजेसासरे येऊन वाल मागून गेले होते, बिरड्याचे, ओले खोबरे घालून. काकांना आणि आमच्या पितरांना नेमके तेच तेच पदार्थ आवडावेत, याला मी पुष्कळ वर्षे रक्ताचे नाते समजत होतो.

त्या वर्षी पक्षाच्या तिसऱ्या सकाळी मी नुकताच कागदावर लिहून उठलो होतो. रात्रीचे स्वप्न असे: आजोबा, म्हणजे काकांचे वडील, आमच्या विहिरीच्या कठड्यावर ओल्या पंच्याने बसलेले. समोर पाटी. ते माझ्या मागच्या बाकावर आहेत आणि माझे पाहून लिहीत आहेत. मी पाटीवर हात धरला तसे ते चिडून इंग्रजीत म्हणाले, “माझं उत्तर कुठे आहे?” मी म्हटले, तुमचे तुम्ही लिहा. इथे स्वप्न संपले. आजोबा जन्मभर कचेरीत मोडी लिहीत होते. इंग्रजीचा एक शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नव्हता. मला स्वप्न फार आवडले होते, आणि तोंड धुऊन ओटीवर येतो तो काकांनी विचारले. मी विचार न करता म्हणालो, “आजोबा आले होते.”

काका लोडावरून सरळ झाले. “तीर्थरूप? तुझ्याकडे?”

“हो.”

“कसे होते?”

“ओले. रागावलेले.”

“काय मागितलं?”

“म्हणाले, माझं उत्तर कुठे आहे. इंग्रजीत म्हणाले.”

काकू दारात अळूच्या पानांच्या शिरा काढत बसली होती. तिचा हात थांबला. “मामंजी? इंग्रजीत? अरे, त्यांना आगगाडीची शिटीसुद्धा सोसत नसे. कानांत बोटं घालून बसायचे.”

“पुढेही आहे,” मी म्हणालो. “ते माझ्या मागच्या बाकावर...”

“पगडी,” काका म्हणाले.

पुढचे कुणी ऐकून घेतले नाही. दुपारी भटजींना बोलावणे गेले. आमचे भटजी घरोब्याचे होते, मनाचे वाईट नव्हते. पण कोणत्याही गोष्टीला ‘मला ठाऊक नाही’ असे उत्तर असू शकते, हे त्यांच्या अभ्यासात आले नव्हते. ओटीवर शेजारचे तिघेचौघे जमले. भटजींनी मला आजोबांचे शब्द जसेच्या तसे म्हणायला सांगितले आणि स्वतः कानांत बोटे घातली. मी म्हटले. त्यांनी पुन्हा म्हणायला लावले. तिसऱ्या वेळी त्यांनी एका कानातले बोट काढले.

“अरे, तर्पणाचं पाणी कोण सोडतो? तू,” ते म्हणाले. “तुझ्या तोंडी दिवसभर भाषा कोणती? म्लेंच्छांची. मग पाणी वर पोचतं ते त्या भाषेसकट पोचतं. आता ते बिचारे तिथे दुसरं काय बोलणार?”

शेजाऱ्यांना हे एकदम पटले. मला आजही वाटते की मुद्दा रचनेला चांगला होता. मी विचारले, “मग आजोबांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं कसं?”

“कुतर्क,” भटजी म्हणाले, आणि निकाल दिला: सर्वपित्री अमावास्येला मी हातात पाणी घेऊन इंग्रजी विद्येचे उदक सोडावे. मग आजोबांची वाचा शुद्ध होईल. माझे पुढे काय, तेही काकांनी तिथल्या तिथे ठरवले. त्यांच्या ओळखीने कचेरीत मोडी लिहायला बसायचे. काकांचा इंग्रजीशी दावा नव्हता. उलट ओटीवर एक इंग्रजी वर्तमानपत्र नेहमी घडी घातलेले असे. त्यांना ते वाचता येत नव्हते, पण येणाऱ्याला दिसत असे. मात्र चारचौघांत निकाल लागला की काका त्याच्याविरुद्ध जात नसत, मग तो चुकीचा का असेना. निकाल फिरवणारा माणूस त्यांच्या मते लहान माणूस.

मला पंधरा दिवसही मिळाले नव्हते. वाद घालण्यात अर्थ नव्हता. काकांशी वाद म्हणजे पगडीशी वाद. मग मी घरचीच चाल पाळायचे ठरवले. रोज सकाळी काका विचारत, आणि मी कागद घेऊन येऊन रात्रीचे स्वप्न वाचून दाखवी. परीक्षा जवळ आली होती. स्वप्नांना तोटा नव्हता, आणि त्यांत एकही मला बनवावे लागले नाही.

पहिले कावळ्यांचे. मी पिंड ठेवून कावळ्याला हाका मारतो आहे. कावळा कठड्यावर येऊन बसतो, पिंडाकडे पाहतो आणि म्हणतो, आधी या उताऱ्याचे भाषांतर कर. मी करतो. तो चोचीने तांबड्या शाईच्या रेघा ओढतो आणि दुसऱ्या कावळ्याला तपासायला देतो. दुसरा म्हणतो, अक्षर बरे आहे, पण पोराला अर्थ कळलेला नाही. मग दोघेही पिंडाला न शिवता उडून जातात.

काकांनी लोड पाठीमागे नीट सरकवला. मग म्हणाले, “कोणी मागितलं काय?”

“भाषांतर.”

“घरातलं गेलेलं माणूस होतं का त्यात?”

“ओळखू आलं नाही. पितर कावळ्याच्या रूपाने येतात असं आपणच म्हणतो.”

काकू आत जाऊन हसली. ते भांड्यांच्या आवाजावरून कळले.

दुसरे डोंबिवलीचे. मॅट्रिकची परीक्षा तिथल्या शेतात, गुडघाभर चिखलात. युनिव्हर्सिटीचे साहेब डोक्यावर पानांचे इरले घेऊन बांधावर उभे. बायका वाकून ओळीने इंग्रजी शब्दांची लावणी करीत आहेत, गाणे म्हणत. मी लावलेले शब्द पाण्यावर तरंगून येतात. शेजारची म्हातारी खेकसते, “काय करतंस रं? मुळासकट लाव ना.” साहेब माझ्या नावापुढे काही लिहितात आणि म्हणतात, ह्याला पुढच्या पावसाळ्यात पाठवा.

हे ऐकून काका म्हणाले, “अपचन. उद्यापासून रात्री ताकभात.”

ताकभातावर जे स्वप्न पडले ते खुद्द भटजींचे. ते आमच्या वर्गात बाकावर उभे आहेत, उपरण्याने घाम पुसत भूमितीचा सिद्धान्त सुरात म्हणत आहेत, आणि प्रत्येक ओळीनंतर वर्ग ‘स्वाहा’ म्हणतो आहे. मास्तर छडी आपटून म्हणतात, सिद्ध करा. भटजी म्हणतात, माझे वडील असेच म्हणत. मास्तर म्हणतात, मग वडिलांना घेऊन या.

त्या वेळी भटजी ओटीवरच होते. त्यांनी फक्त एवढे विचारले, “सोवळ्यात होतो का रे मी?”

“आठवत नाही. कागदावर लिहिलेलं नाही.”

“मग नीट पाहायला हवं होतंस,” ते म्हणाले. भटजी मला आवडत, ते अशा वेळी.

काकांना मात्र ते आवडले नाही. “ही सगळी नुसती स्वप्नं आहेत,” ते म्हणाले. “तीर्थरूपांचा तो दृष्टांत होता.”

“फरक कसा ओळखायचा?”

“अनुभवाने.”

त्याच आठवड्यात त्यांना स्वतःला दृष्टांत झाला. आत्या आल्या होत्या. त्या मराठीत बोलल्या, स्वच्छ, आणि घारग्यांत गूळ किती घालायचा तेही सांगून गेल्या. घारगे झाले. मी तो दृष्टांतही तारखेच्या जागी लिहून ठेवला, आणि घारगे खाल्ले. घारग्यांशी माझे भांडण नव्हते.

अमावास्या आली. श्राद्धाच्या आधी हे प्रकरण मिटवायचे ठरले होते. मी सोवळे नेसून पाटावर बसलो. समोर ताम्हन, डावीकडे भटजी, उजवीकडे काका. भिंतीला ते शेजारी, निकाल ऐकायला आलेले. काकाही सोवळ्यात होते, त्यामुळे बोडके होते. भटजींनी माझ्या उजव्या हातात पळीभर पाणी घातले आणि संकल्प सांगायला सुरुवात केली. तो संपला की मी ते पाणी बोटांवरून ताम्हनात सोडायचे. सोडले की संपले. चार वर्षांचा अभ्यास एवढ्याशा पाण्यात जाणार होता.

“थांबा हो,” काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. पुरुषांच्या बोलण्यात ती कधी पडत नसे, म्हणून सगळे थांबले. “मला एक कळत नाही. मामंजींनी ‘सोड’ म्हटलं कुठे? त्यांनी उत्तर मागितलं. आपल्याकडे मागतील ते देतात. आत्यांनी घारगे मागितले, आपण दिले. मग यांनी उत्तर मागितलं तर उत्तर द्यायला नको? आणि उत्तरं तर परीक्षेतच लिहितात.”

भटजींचा संकल्प तोंडातच राहिला. त्यांनी काकांकडे पाहिले, काकांनी शेजाऱ्यांकडे. एक शेजारी म्हणाला, “वहिनींचं म्हणणं शास्त्राला धरून आहे.” भटजी मान हलवू लागले. काकांच्या चेहऱ्यावरही मला सुटका दिसली. निकाल फिरत नव्हता, तो फक्त नीट वाचला जात होता. मी नुसते गप्प बसलो असतो तर दिवाळीनंतर मुंबईला गेलो असतो, आणि तेही आजोबांच्या आज्ञेवरून.

हातातले पाणी थंड होते. मला त्या वेळी काय वाटले ते मी त्याच संध्याकाळी लिहून ठेवले, म्हणून खात्रीने सांगतो. मला वाटले, आज एका स्वप्नाने मला जाऊ दिले तर उद्या दुसरे परत बोलावील. पुढच्या वर्षीही पितृपक्ष आहे. पुढच्या वर्षीही आत्या येतील, आणि काय मागतील ते काकांच्या हाती असेल. मला आजोबांची परवानगी नको होती. या चालीतूनच बाहेर पडायचे होते.

“आजोबांनी काही मागितलं नाही,” मी म्हणालो. “ते आलेच नव्हते. मी अभ्यास करून झोपलो आणि मला स्वप्न पडलं. परीक्षेला मी बसणार आहे, ते मला बसायचं आहे म्हणून.”

पाणी ताम्हनात सोडता येत नव्हते. तिथे सोडणे म्हणजेच संकल्प. तेव्हा मी हात पंच्याला पुसला.

काकांचा हात सवयीने डोक्याकडे गेला. सोवळ्यात पगडी मागवता येत नव्हती. त्यांचा तसा उघडा राग मी पहिल्यांदाच पाहिला. तो मला वाटत होता त्यापेक्षा लहान होता आणि बराच खरा होता. ते हळू आवाजात म्हणाले, “परीक्षेला बसणार असशील तर या घरातून गाडीला जायचं नाही. ठाण्यालाच राहा.”

“राहतो,” मी म्हणालो.

काकू मागच्या दारी भेटली. “एवढं जमवून आणलं होतं मी.”

“ठाऊक आहे.”

“मूर्ख आहेस.”

“असेन.”

“जेवून जा म्हणावं तर आज पंगतीत तुला कोण बसू देईल.” तिने फडक्यात बांधलेले वडे हातात दिले. “आणि ते कागद ने तुझे. नाहीतर बंबात जातील.”

ठाण्याला टेंभी नाक्याजवळ एका वर्गमित्राच्या खोलीत मी उरलेले दिवस काढले. अभ्यास चांगला झाला. स्वप्ने मात्र कमी झाली. दिवसा वाद घालायला माणसे मिळाली की रात्री कावळे लागत नाहीत. परीक्षेत भाषांतराचा उतारा आला तेव्हा एकदा खिडकीकडे पाहिले. कठड्यावर कोणी नव्हते. मी लिहिले आणि पास झालो. फार वर नाही, पण खाली नक्की नाही.

निकाल लागल्यावर काकांचा निरोप आला: ये. माफीचा शब्द त्यात नव्हता, मीही अपेक्षिला नव्हता. गेलो तेव्हा ओटीवर गावच्या कोर्टात नवे आलेले मुनसफ बसले होते, शेजारी होते, भटजी होते. काका पूर्ण पोशाखात होते. इंग्रजी वर्तमानपत्र घडी मोडून उघडून ठेवले होते.

“हा आमचा मॅट्रिक,” काका मुनसफांना म्हणाले. “पास होणार हे आम्हाला आधीच ठाऊक होतं. तीर्थरूपांनी पितृपक्षात दृष्टांत दिला. पीतांबर नेसलेले, हसतमुख. याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, आणि कोणत्या भाषेत म्हणाल? इंग्रजीत. शुद्ध इंग्रजीत.”

“वा,” मुनसफ म्हणाले.

भटजींनी मान हलवली. शेजाऱ्यांनीही. तेच शेजारी, तीच भिंत. मी काकांकडे पाहिले. ते खोटे बोलत नव्हते. एवढ्या अवकाशात त्यांना खरेच पीतांबर आठवू लागला होता. आणखी वर्षभराने तो मलाही आठवला असता. मी पिशवीतून कागद काढला.

“त्या पहाटेच लिहिलेलं आहे,” मी मुनसफांना म्हणालो, आणि वाचले: ओला पंचा, विहिरीचा कठडा, पाटी, मागचा बाक. “‘माझे पाहून लिहीत होते. मी हात धरला तेव्हा चिडून म्हणाले, माझं उत्तर कुठे आहे. मी म्हटले, तुमचे तुम्ही लिहा.’”

मग मुनसफ इतके हसले की त्यांना उपरणे डोळ्यांना लावावे लागले. “हे मात्र स्वप्न वाटतं,” ते म्हणाले.

“पगडी,” काका म्हणाले.

“डोक्यावरच आहे,” काकू आतून म्हणाली.

पुढच्या पितृपक्षात मी ठाण्याहून तिथीला घरी गेलो. सकाळी काका ओटीवर आले, लोडाला टेकले, माझ्याकडे पाहिले आणि कोण आले होते ते विचारले नाही. थोड्या वेळाने त्यांनी आत हाक मारून सांगितले, की आज घारगे खावेसे वाटतात.

“कोणाला?” काकूने विचारले.

काकांनी वर्तमानपत्राची घडी सारखी केली. “मला,” ते म्हणाले.